एक्केचाळीस नंबरची पिशवी

गुरुवार, २२ जानेवारी

वन्सं,

मायना काय लिहावा यात अर्धा तास गेला. 'प्रिय' लिहिलं तर तुम्ही हसाल, 'आदरणीय' लिहिलं तर टोमणा समजाल. म्हणून लग्न होऊन या घरात आल्यापासून तोंडाने जे म्हणत आले तेच लिहिते.

पिशवीत पत्र बघून दचकू नका. पिशवी नेहमीचीच आहे, एक्केचाळीस नंबरची. तांदूळ, पीठ, डाळ, तेल, साखर, चहा, मीठ, कांदे, बटाटे, दूध पावडरचा डबा आणि बेकरीवाल्याने आज पाठवलेली बिस्किटं. मीच भरली आणि मीच आणली. दार वाजवलं तेव्हा आत तुमच्या चपलांचा आवाज आला आणि मग थांबला. दाराशी उभं राहून बोलणं मला जमलं नाही, तुमच्या मजल्यावर सगळ्यांचे कान दारालाच असतात. पिशवी कडीला अडकवून मी खाली आले.

त्या सोमवारच्या बैठकीत माझ्या तोंडून जे गेलं ते जायला नको होतं. वेळ चुकली. पण बत्तीस वर्षं वर्गात ओरडून या तोंडाला आत राहायची सवयच उरलेली नाही, हे तुम्हाला नवीन नाही. तेवढ्यावरून तुम्ही ॲप्रन काढून टेबलावर ठेवलात आणि निघून गेलात, त्याला आज दहा दिवस झाले. तुमच्यावाचून कोठीचं काही अडलेलं नाही.

म्हणजे अडलंय. कांद्याचं पोतं ओल्या भिंतीला लावून ठेवलं कुणीतरी, अर्धं सडलं. बटाटे मोजायला कुणी तयार नाही. रांगेतली माणसं माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "त्या दुसऱ्या बाई कुठं आहेत?" सात वर्षांपूर्वी बंद छापखान्याच्या दोन खोल्या मागून घेऊन आपण दोघींनी कोठी उघडली, तेव्हा दर गुरुवारी नऊ घरं शिधा न्यायला यायची. आज एकशे चार आली. त्यातल्या निम्म्यांनी तरी तुमची चौकशी केली. मी सांगितलं, बरं नाही.

नियमाचं म्हणाल तर 'वाटणाऱ्याने घ्यायचं नाही' हे फळ्यावर माझ्याच अक्षरात आहे आणि ते लिहिलं तेव्हा शिडी तुम्ही धरली होतीत. एवढंच म्हणायचं होतं मला बैठकीत. सूर चुकला.

पिशवी ठेवून घ्या.

तुमची वहिनी


गुरुवार, २९ जानेवारी

वन्सं,

पिशवी शुक्रवारी परत आली. तुमच्या खालचा शिंपी सायकलला लावून घेऊन आला आणि म्हणाला, "ताईंनी दिलीय, मला काही विचारू नका." मी विचारलं नाही. पिशवी उघडून मात्र बघितली.

बटाटे तळाला होते. त्यावर पीठ, त्यावर तांदूळ, तेलाची बाटली मधोमध उभी, चहा-साखर कडेला आणि बिस्किटं सगळ्यांत वर. मी बिस्किटं खाली घातली होती आणि त्यावर बटाटे, हे मला तेव्हा आठवलं. वहिनींना शिकवता येतं पण पिशवी भरता येत नाही, हे तुम्ही सगळ्यांसमोर निदान तीनदा बोलून दाखवलंत. या वेळी न बोलता दाखवलंत. घेणार नव्हतात तर नीट लावायची तसदी कशाला घेतलीत? मला राग आला आणि थोडं हसूही आलं. आजची पिशवी तुमच्या पद्धतीने भरलीय.

पत्र तेवढं परत आलं नाही. म्हणजे वाचता आहात, किंवा चूल पेटवायला उपयोगी पडतंय. दोन्हीला माझी हरकत नाही.

आता लिफाफ्याचं बोलू. ज्यांना कोठीपर्यंत येता येत नाही त्यांची पिशवी आपल्यापैकी एकाने घरी न्यायची, त्यांचा पत्ता फक्त नेणाऱ्यालाच माहीत असावा, आणि तो बंद लिफाफ्यात घालून पेटीत ठेवायचा, ही सगळी कल्पना तुमची. नेणारा आजारी पडला तरच लिफाफा उघडायचा, हेही तुम्हीच ठरवलंत. आठ जानेवारीला तुम्हाला ताप होता. एक्केचाळीस नंबर तुमच्याकडचा. कुणी अंथरुणावरचं माणूस उपाशी राहायला नको म्हणून मी लिफाफा उघडला. आपले अध्यक्ष, पोस्टमास्तर, म्हणाले होते, "एक दिवस थांबा, उद्या त्या स्वतःच नेतील." पण त्यांनी थांबायचं आणि मी पळायचं, असंच चालत आलंय आमचं.

आत तुमचाच पत्ता निघाला. चौथा मजला, जिन्याच्या डावीकडे. खाली लिहिलेलं, 'माणसं : दोन'.

तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? यजमानांना जाऊन तुमच्या अकरा वर्षं झाली, मूलबाळ नाही, घरात तुम्ही एकट्या. तुम्ही कामाला होतात तो बटणांचा कारखाना बंद पडून दोन वर्षं झाली हे मला त्या दिवशी पोस्टमास्तरांकडून कळलं. आपल्या घरातली गोष्ट मला बाहेरच्या माणसाने सांगावी? तुम्ही मला एवढंच म्हणाला होतात की काम अर्ध्या दिवसाचं झालंय. ते एक वेळ सोडून देते. पण नसलेल्या माणसाचा शिधा घ्यायचा, हे मला पटलं नाही, आजही पटत नाही. बैठकीत मी "दुसरं माणूस कोण?" असं विचारलं, त्याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

उत्तर द्या किंवा देऊ नका, पिशवी घ्या. शिंपी म्हणाला, तुम्ही वाळला आहात.

तुमची वहिनी


गुरुवार, ५ फेब्रुवारी

वन्सं,

या खेपेला पिशवीबरोबर चिठ्ठी आली. दूध पावडरचा डबा वेगळा काढून त्याला दोऱ्याने बांधलेली. दोनच शब्द, 'तारीख बघा.' बघितली. डिसेंबरातच संपली होती. खोक्यातले सगळे डबे काढून बघितले, त्यातले सव्वीस तसेच निघाले आणि चौदा लोकांच्या घरी गेलेले. बेकरीवाल्याला घेऊन दिवसभर घरोघर फिरून ते परत आणले, बदलून दिले. माझ्यावर रागावून बसलेल्या माणसाने घरबसल्या चौदा घरांची काळजी घेतली आणि मी तिथे उभी असून मला दिसलं नाही. तीन आठवड्यांत मला तुमच्याकडून मिळालेले हे पहिले शब्द. चिठ्ठी मी जपून ठेवली आहे.

ती वाचून मला माझं मागचं पत्र आठवलं आणि लाज वाटली. मी सगळं खरं लिहिलेलं नाही. आज लिहिते.

मी लिफाफा गुरुवारी उघडला. बैठक सोमवारी होती. मधे चार दिवस होते. तुमचं घर आमच्यापासून चालत वीस मिनिटांवर, तुम्ही तापाने अंथरुणावर. मी यायला हवं होतं. लिफाफा तुमच्यासमोर ठेवून विचारायला हवं होतं. मी आले नाही. लिफाफा पर्समध्ये ठेवून चार दिवस फिरले. काय बोलायचं ते घोळवत होते. वाक्यं सुद्धा ठरवली होती. म्हणजे सूर चुकला नव्हता, वेळही चुकली नव्हती. तोंड सुटलं वगैरे मी जे लिहिलं ती पळवाट होती.

का, ते सांगते. मला तुमचा हेवा वाटत होता. कोठी दोघींनी उघडली, पण लोक तुमच्या टेबलापुढे रांग लावत. माझ्यापुढची रांग लहान असली तरी तुमच्याकडेच थांबत. मी नियम सांगायची, तुम्ही लेकराबाळांची नावं लक्षात ठेवायचात. आमचे 'हे' देखील घरी आल्यावर विचारायचे, "आज ताई काय म्हणाली?" मी काय म्हणाले हे मला कधी कुणी विचारलं नाही. बंद लिफाफा हातात पडला तेव्हा मला आधी वाईट वाटलं असं लिहायची इच्छा होते. आधी बरं वाटलं होतं.

आणखी एक. मला काहीच माहीत नव्हतं, हेही खरं नाही. मागच्या वर्षी तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही बिनदुधाचा चहा दिलात, म्हणालात, डॉक्टरांनी दूध बंद केलंय. फडताळाचं दार उघडं होतं. आत काय होतं आणि काय नव्हतं ते मी बघितलं. विचारलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं. आठवड्याला शंभर घरांना 'काही अडचण आहे का' विचारणारी मी.

समितीने एक्केचाळीस नंबर रद्द करायचं ठरवलंय. सोमवारी, सोळा तारखेला मतं घेणार. मी सांगितलंय, तोपर्यंत पिशवी जाणार. पोस्टमास्तर म्हणाले, "परतच येते ना ती?" मी म्हटलं, "टपाल परत येतं म्हणून तुम्ही कधी टपाल वाटायचं बंद केलं होतं का?" त्यावर त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

दर गुरुवारी येणार. माझा गुडघा किती दिवस टिकतो आणि तुमचा हट्ट किती दिवस टिकतो ते बघू.

तुमची वहिनी


गुरुवार, १२ फेब्रुवारी

वन्सं,

आज पिशवी घेऊन आले ती वर आलेच नाही, हे तुम्हाला कळलं असेल. हे पत्र मी तुमच्या शिंप्याच्या दुकानात, त्याच्या इस्त्रीच्या टेबलावर बसून लिहिते आहे. पिशवी तोच वर आणून देईल. मला आत्ता तुमच्या दारासमोर उभं राहता येणार नाही.

जिन्याशी गुडघा धरून उभी होते म्हणून त्याने स्टूल पुढे केलं. म्हणाला, "बसा बाई. साहेबांचं बरं होतं, दर मजल्यावर दम खाऊन जायचे."

मी विचारलं, "कुठले साहेब?"

"आता कुठले म्हणजे? तुमचेच की. रोज दुपारी यायचे ना जेवायला."

त्याला वाटलं मला माहीत आहे. माझं तोंड बघून त्याच्या हातातली कात्री तशीच राहिली. मग मी त्याला सोडलं नाही. वर्गात खोटं बोलणारी पोरं मी जशी उभी करायची तसं उभं करून सगळं काढून घेतलं. त्याच्यावर रागावू नका, बिचाऱ्याला पळायला जागा नव्हती.

तर ह्यांना एकट्याने घास उतरत नसे. मी सकाळी डबा भरून ओट्यावर ठेवून कोठीवर जायची, संध्याकाळी डबा धुतलेला असायचा. मला वाटायचं, माणूस शहाण्यासारखा जेवतो. डबा घेऊन ते वीस मिनिटं चालत इथे यायचे, डबा शिंप्याला द्यायचे आणि वर तुमच्याकडे जेवायला जायचे. का, तर बहिणीच्या घरी स्वतःचा डबा घेऊन कसं जायचं, तिला काय वाटेल. अडीच वर्षं माझा डबा शिंप्याने खाल्ला. त्याने तेही सांगितलं आणि वर म्हणाला, "बाई, राग मानू नका, भाजीत मीठ तुम्ही अंमळ जास्तच घालता."

मी त्याला विचारलं, "आणि कारखाना बंद पडल्यावर?"

"तरी करायच्या ताई. दोन माणसांचा स्वयंपाक. मला दम दिला होता, भावाला काम सुटल्याचं सांगशील तर तुझं-माझं बोलणं संपलं. साहेब जायचे ते वरून हात धुऊन, खूश. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

वन्सं, दुसरं माणूस कोण, हे मी तुम्हाला अकरा जणांसमोर विचारलं.

गुरुवारी ऐन गर्दीत पावणेबाराला तुम्ही पिशवी घेऊन निघायचात. मी दर वेळी घड्याळाकडे बघून तोंड वाकडं करायची. तुम्ही घरी जाऊन माझ्या नवऱ्यासाठी भात टाकत होतात. मी गावाला शिधा वाटत होते आणि माझ्या घरचं माणूस माझ्याच कोठीतला तांदूळ तुमच्या हातून खात होतं, कारण माझ्या घरी त्याच्यासमोर बसायला कुणी नव्हतं. तुम्ही तेव्हा एवढंच म्हणणं पुरेसं होतं, "दुसरं माणूस म्हणजे तुमचे यजमान." मी जागच्या जागी गप्प झाले असते. तुम्ही ॲप्रन काढलात, त्याची घडी घातलीत आणि गेलात. मला लाजवायचं नाही म्हणून स्वतः चोर ठरलात.

मला खूप राग आलाय. तुमचा नाही, ह्यांचा आलाय. मला एकदा म्हणाले असते, तू दुपारी घरी ये. मी आले असते का, हा प्रश्न वेगळा. बहुतेक म्हणाले असते, आज टेम्पो यायचाय, उद्या बघू. ते ओळखूनच बोलले नसतील.

एप्रिलमध्ये ते गेले. त्यानंतरही तुम्ही 'दोन' चं 'एक' केलं नाहीत. मागच्या महिन्यापर्यंत मी त्याला खोटेपणा म्हणत होते. आता सांगते, आमच्या दूधवाल्याला मी अजून अर्धा लिटर कमी कर म्हटलेलं नाही. दूध नासतं, मी ओतून देते. जेवते ओट्याशी उभ्यानेच, ताट घेत नाही. ही गोष्ट मी कुणाला बोलले नव्हते.

शिंपी म्हणतो, वरून दुपारी भांड्याचा आवाज येत नाही. सकाळी काहीतरी एकदा करता आणि त्यावर दिवस काढता. ते मला ऐकवत नाही. माझ्यावरचा राग तुमच्या पोटावर काढू नका. राग ठेवा, हवा तेवढा ठेवा, पण जेवून ठेवा.

तुमची वहिनी


मंगळवार, १७ फेब्रुवारी

वन्सं,

आज गुरुवार नाही, पण गुरुवारपर्यंत मला दम निघणार नाही. पत्र शिंप्याच्या हाती देते.

काल बैठक झाली. तेच अकरा जण, तीच खुर्च्यांची रांग. मी आधी उभी राहिले आणि म्हटलं, बारा जानेवारीला मी इथे एका बाईला खोटं पाडलं, ते चूक होतं. लिफाफ्यातलं दुसरं माणूस खरं होतं. ते माझे यजमान होते. मी ते सगळ्यांसमोर विचारलं म्हणून सगळ्यांसमोरच सांगते.  बेकरीवाल्याने पाणी आणून दिलं. मी पाणी प्यायले आणि उरलेलं बोलले. तुम्हाला न विचारता सांगितलं, त्याबद्दल हवं तर आणखी चार महिने दार उघडू नका. पण तुम्ही माझी अब्रू झाकून बसायचं आणि मी ती झाकू द्यायची, हे आता पुरे.

मग म्हटलं, एक्केचाळीस नंबर राहील आणि फळ्यावरचा नियम जाईल.

पोस्टमास्तर म्हणाले, "नियम तुमचाच होता ना, बाई?"

"हो. म्हणून मीच काढते. दुसऱ्या कुणी काढला असता तर मी भांडले असते."

"आणि उद्या वाटणारे सगळेच घ्यायला लागले तर?"

"तर सगळ्यांना गरज आहे असं समजू आणि जास्त तांदूळ मागायला बाहेर पडू. मागायची आपल्याला कुठं लाज आहे? सात वर्षं मागतोच आहोत."

नर्सबाई, त्या कधी बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "मला विचाराल तर हा नियम पहिल्यापासून कडक होता." पहिल्यापासून होता तर पहिल्यापासून का नाही बोललात, असं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. तुम्ही असतात तर तुम्हाला माझं कौतुक वाटलं असतं. मतं घेतली. सात विरुद्ध तीन. पोस्टमास्तरांनी हात कुठेच वर केला नाही.

मी तिथल्या तिथे ओला फडका घेऊन शिडीवर चढले. अक्षर पुसेना. ऑइलपेंट होता तो, माझीच हौस. फडका घासून घासून हात दुखला आणि नियम तसाच. शेवटी बेकरीवाल्याने कुठूनसं घासलेट आणलं, त्याने गेलं. फळ्यावर डाग राहिलाय. शिडी पोस्टमास्तरांनी धरली होती, पण त्यांना तुमच्यासारखी धरता येत नाही, हलते.

आज सकाळी पेटी उघडली तर तीन नवे लिफाफे होते. कालपर्यंत नव्हते. बैठकीतल्यापैकीच कुणाचे तरी, कारण रात्रीत दुसरं कोण येणार. सात वर्षं आमच्याबरोबर पिशव्या भरून रिकाम्या हाताने घरी जात होती ही माणसं, माझ्या त्या फळ्याखालून. एका लिफाफ्याच्या कडा इतक्या सरळ आणि पक्क्या चिकटवल्यात की असं चिकटवणं ज्याचा जन्म त्यातच गेलाय त्यालाच जमावं. पण मी अंदाज करायचा नाही असं ठरवलंय. तिन्ही न उघडता पेटीत परत ठेवले. त्या पिशव्या कुणी न्यायच्या ते तुम्ही येऊन ठरवा. मी लिफाफ्यांना हात लावणार नाही, आणि माझ्यावर सोपवूही नका.

तुमच्या लिफाफ्यातल्या कागदावर 'दोन' आहे ते मी तसंच ठेवलंय. तपासणीला कुणी आलं तर दुसरी मी, असं सांगणार आहे. पिशवी मात्र यापुढे एका माणसाचीच येईल. दुसऱ्या माणसाचा तांदूळ, पीठ, जे काय असेल ते मी माझ्या घरून आणीन. पेन्शन मिळते मला, आणि खाणारी मी एकटी.

मागायची लाज नाही असं मी काल मोठ्या तोंडाने बोलले. तर आता मागते. मला दुपारी तुमच्याकडे जेवायला येऊ द्या. रोज नको, गुरुवारी तरी. शिधा वाटणं पावणेबाराला नर्सबाईंच्या हाती देईन. त्यांना जमेल, मलाच सोडता येत नव्हतं. हे मी तुमची दया येऊन म्हणत नाही. मला एकटीने जेवायचा कंटाळा आलाय, आणि ज्या घरात आमच्या ह्यांचा घास गोड होत होता, तिथे बसून मला एकदा जेवायचंय.

तुमची वहिनी


गुरुवार, १९ फेब्रुवारी

वन्सं,

सकाळी दहाला शिंपी सायकलवर आला. हातात पिशवी नव्हती. मी त्याच्या हाताकडेच बघत होते. तो म्हणाला, "ताईंनी निरोप दिलाय. वहिनींना सांग, मी एक वाजता जेवते."

मी विचारलं, आणखी काय म्हणाल्या? तर म्हणे, आणखी काही नाही. पुन्हा विचारलं, तोंड कसं होतं? म्हणाला, "बाई, तोंडाचं माप मी घेत नाही."

ॲप्रन धुऊन, इस्त्री करून ठेवलाय. तो बरोबर आणत नाही; तो कोठीवर खुंटीला आहे, तुम्हाला वाटेल तेव्हा येऊन घाला. आणते आहे ते तांदूळ, थोडी डाळ आणि अर्धा लिटर दूध. बटाटे तळाला ठेवलेत.

आत्ता साडेअकरा झालेत. नर्सबाईंना टेबल दिलं आणि कोपऱ्यात बसून हे लिहिते आहे. बाहेर रांग आहे. एक बाई मघाशी विचारून गेली, "त्या दुसऱ्या बाई बऱ्या झाल्या का?" मी म्हटलं, विचारून सांगते.

हे पत्र पिशवीत घालत नाही, शिंप्याकडेही देत नाही. हातात धरूनच वर येते. दार उघडलंत की आधी हे घ्या आणि उभ्या उभ्याच वाचा, म्हणजे तेवढा वेळ मला काही बोलावं लागणार नाही. मी बोलायला लागले की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. वाचून झालं की पान घ्या, मला भूक लागलेली असेल.